दोघींची फळी

कुसुम,

भाताचा राब तू भाजलास, रोप मी बगितलं. वीतभराच्या वर आलंय. दाट हाय, वारा आला की सगळं एका अंगाला निजतं आनि परत उठतं. तू असतीस तर बांधावर उकिडवी बसून त्याच्यावरून हात फिरवला असतास, मांजराच्या पाठीवरून फिरवतात तसा, आनि बोलली असतीस, "आक्का, औंदा रोपाला बाळसं हाय." तुझं ते बोलनं कानात येतं आनि मी मागं वळून बगते. मागं कोन असनार. बांध असतो.

मंडळाच्या बाया बोलल्या, आक्का, कुसुमवर चार शब्द लिव, आपन सगळ्या बसून वाचू. मी दुसरीपरेंत शाळेत गेलेली. तू कवा जन्मलीस ते तुझ्या आईलाच धड म्हाईत नव्हतं, ते मी काय लिवनार. तू माझी धाकटी जाव. लगीन होऊन आलीस तवा मी दाराशी उभी व्हते. तू माप ओलांडलंस ते एवढ्या जोरात की तांदूळ चुलीपरेंत गेले. सासू बोलली, "ही पोर घरात आली का घरावर चाल करून आली." मी तांदूळ वेचता वेचता हसले आनि तू घुंगटातनं माझ्याकडं बगून हसलीस. एवढं बाकीच्यांसाठी पुरे. आता तुझ्याशी बोलते.

उद्या सावडीत आपली पाळी हाय, सगळ्या बाया आपल्या शेतात आवनीला येतील. सकाळी शेजारची अनूबाय येऊन गेली. ओटीवर टेकली, पानाची चंची काढली, इकडचं तिकडचं बोलली आनि मग हळूच बोलली, "फळी काढनार ना उद्या?"

"काढू की."

"आनि दुसऱ्या अंगाला कोन बसनार?"

तिनं पानाला चुना लावला, मला दिलं आनि गेली. तिला पन उत्तर नको व्हतं.

दुपारी तुझ्या शेडमधला रफिकभाई आला, भिवंडीच्या निजामपुऱ्यातनं, दोन रिक्षा बदलून. तू गेल्यापासनं शेड तोच उघडतो, तोच बंद करतो. तुझ्या स्टुलावर बसत न्हाय, उभ्यानं वेल्डिंग करतो. पानी प्याला आनि बोलला, "आक्का, खेती वाले साब का फोन आया था. बोले, बहन का सुनके बहुत बुरा लगा. बोले, फाइल अभी खुली है. अकेली वाली पटिया दिखा दो तो दूसरा हप्ता निकल सकता है." मग तो भिंतीला टेकवलेल्या तुझ्या फळीकडं बगत ऱ्हायला. "बीच में से काटना है बस. एक घंटे का काम है. आप बोलो तो काटूं?"

त्याचं पन बरोबर हाय. तो सरकारी हप्ता आला तर शेड चालंल, शेड चालली तर त्याची चूल चालंल. मी बोलले, "उद्याची आवनी होऊ दे. मग सांगते."

तर ठरवायचं ते एवढंच हाय, कुसुम. तुझी फळी कापायची का न्हाय. तू असतीस तर भांडन झालं असतं. तू बोलली असतीस न्हाय, मी बोलले असते काप. आजपरेंत तसंच चालत आलं. आता तू न्हाईस तर मला एकटीला दोघींच्या बाजूनं बोलावं लागतंय आनि मला ते जमत न्हाय.

शेड माझ्या दिराची, तुझ्या नवऱ्याची. कापडाच्या लूमचे मोडके भाग नीट करायचा तो. तो गेला तवा सगळे बोलले, शेड विकून टाक, बाईमानसाचं काम न्हाय. तू बोललीस, "लूमला काय कळतंय समोर बाई हाय का बुवा." आधी तू लूमवर सुताच्या कांड्या भरायला जायचीस, त्यामुळं लूमचा आवाज ऐकून तुला कळायचं कुठं दुखतंय. रफिकभाई पयले तुला भाभी बोलायचा, मग बहन बोलायला लागला, आनि भांडन झालं की सेठानी. पन मग लूमच भंगारात जायला लागले. निजामपुऱ्यात गल्लीगल्लीत खडखडाट असायचा, तो एकेक करून बंद झाला. तू संध्याकाळी घरी आलीस की बोलायचीस, "आक्का, आज शेडमधी कावळ्याचा आवाज ऐकला." म्हंजे काम न्हाय.

तवा ते शेतीखात्याचे साहेब आले. ऑफिसच्या जिपेचा दरवाजा तुटला व्हता, तो जोडायला आले. तू वेल्डिंग करत व्हतीस आनि त्यांनी सहज सांगितलं, लहान कारखानदारांना सरकार पैसे देतं, शेतीचं नवं अवजार शोधून काढायला. संशोधनाचं अनुदान. पयला हप्ता बनवायला, दुसरा हप्ता शेतात चालवून दाखवलं की. तू काळा चष्मा वर केलास आनि इचारलंस, "कारखानदार म्हंजे कोन?" साहेब बोलले, "म्हणजे तुम्ही."

त्या दिवशी घरी आलीस ते हसतच आलीस. चुलीपुढं बसून तीच गोष्ट परत परत सांगत व्हतीस, "मी कारखानदार, आक्का. आनि भाकर करपली तरी मीच खानार." शेडवर बोर्ड लागला. गावात बाया तुला कारखानदारीन बोलायला लागल्या. नळावर तू आलीस की अनूबाय हंडा बाजूला करायची, "सरका ग, संशोधन आलं."

पयला हप्ता आला आनि तू लूमच्या भंगारातनं आवनीचं मशीन बनवलंस. लोखंडाची बोटं खाली येनार, रोप उचलनार, चिखलात खोवनार. मी तुझ्यामागं लागलेली व्हते, कर लवकर. माझी कंबर तवाच गेली व्हती. नऊवारी खोचून सकाळपासनं वाकायचं, वाकलेल्या वाकलेल्या मागं मागं जायचं. पोटात पोर असताना आवनी केली, पोर गेल्यावर आठवड्यात आवनी केली. त्याचं काय सांगायचं, सगळ्याच करतात. पन त्या वरसापास्नं शेतातनं वर आल्यावर मला सरळ व्हायला बांधाला हात लावावा लागायचा. मला तुझं मशीन पायजे व्हतं, कुसुम. तुझ्या कौतुकासाठी न्हाय. माझ्या कंबरेसाठी.

मग तो दिवस. साहेब मशीन बगायला येनार व्हते आनि नेमकी त्याच दिवशी सावडीत आपली पाळी. आता जुन्या बायांना म्हाईत हाय पन ह्या नव्या सुनांना सांगते, सावड म्हंजे आज सगळ्या माझ्या शेतात, उद्या सगळ्या तुझ्या. कुनी बोलवायचं नसतं आनि पाळी असताना कुनाला नको येऊ म्हनायचं नसतं. नको म्हटलं म्हंजे सावड तोडली. तू बोललीस, असू दे, बाया येतात जेवनाच्या वख्ताला, तवर साहेबाला दाखवून होईल.

पन अनूबायला कळलं की पाव्हने येनार. ती सगळ्या गावात फिरली, "उद्या कुसुमकडं मोठे पाव्हने हायत, शेत उघडं दिसता कामा नये." उजाडायच्या आत सगळ्या बाया शेतात. आपन दोघी चहा घेऊन पोचलो तवा निम्मं खाचर लागलं व्हतं. मी तुझ्याकडं बगितलं. तू मग पदर खोचलास, चिखलात उतरलीस आनि त्यांच्या ओळीत वाकलीस. मी पन वाकले. काय करनार.

साहेब आले तवा शेत हिरवंगार, बांधावर मशीन. लूमच्या तेलाचा वास येतोय त्याला, एक रोप त्याच्या बोटात न्हाय. साहेब इकडं बगतात, तिकडं बगतात.

"मशीन कुठे चालवणार?"

अनूबाय बोलली, "आता कशाला मशीन, साहेब. झालं ना सगळं."

आनि तुला आठवतं, नवखा मानूस आवनीच्या शेतात आला की त्याच्या पायाला चिखल लावायचा आनि काही दिल्याबिगर सोडायचं न्हाय, तसा बायांनी साहेबाला धरला. त्या बिचाऱ्यानं बूट काढले, पँट वर केली आनि बॅगेतला बिस्किटाचा पुडा दिला. त्याचं दुपारचं जेवन व्हतं ते. मग तो आपल्याच भाकरीतलं जेवला. सुकटीची चटनी लागली त्याला, डोळ्यांतनं पानी आलं, तरी परत मागितली. जाताना बोलला, "ताई, मी आज काय लिहू? मशीन उत्तम आहे, जागा शिल्लक नव्हती?" तू बोललीस, "पुढच्या पावसाळ्याला या."

त्या दिवशी मी तुझ्यावर रागावले. चार शब्द बोलायचे व्हते बायांना. तू बोललीस, "एवढ्या मायेनं आल्या, त्यांना काय बोलू, आक्का." मी बोलले, "माझी कंबर तुझी कोन न्हाय काय?" मी बांधाला हात लावून सरळ होत व्हते आनि तू बगत व्हतीस. बराच वेळ बगत व्हतीस.

नंतर तू त्या मशीनला एकदाच हात लावलास. राहिलेल्या रोपावर चालवून बगितलंस, ते रोपाची मुळं तोडत व्हतं, पन ते नीट करता आलं असतं. रफिकभाई बोलला पन, "बहन, दो उंगली टेढ़ी करनी है." तू न्हाय केलीस. तू माझ्या कंबरेला तेल लावत बसलीस एका दुपारी आनि मी आपलं काहीतरी बोलत व्हते, आमचा आबा खाडीच्या चिखलात निवट्या मासे धरायला जायचा, एक गुडघा फळीवर आनि एका पायानं ढकलायचा, सर्रकन जायचा. तो बसून जायचा आनि आमी जन्मभर वाकून. तुझा हात थांबला. तेल पाठीवरनं ओघळलं. मी बोलले, "झोपलीस काय ग?" तू बोललीस, "फळी किती रुंद व्हती?"

तशी ही फळी झाली. खाली होडीसारखी वळवलेली, वर दोन बैठका, डावीकडं एक, उजवीकडं एक, मधी रोपाच्या मुठी ठेवायला जागा. आनि बैठकांच्या मधोमध एक फट. दोघींनी बसायचं, पुढं चिखलात रोप खोवायचं आनि टाचेनं रेटत मागं मागं जायचं. वाकायचं न्हाय.

पयल्या दिवशी आपन दोघी बसलो. मी हात खाली नेला, चिखल हाताला लागला, आनि कंबर दुखली न्हाय. मी एक रोप लावलं, दुसरं लावलं. वर मान करून बगितलं तर आभाळ दिसलं. आवनी करताना आभाळ मी कवा बगितलंच नव्हतं, कुसुम. पाठीवर पडतं तेवढंच म्हाईत. मी एवढी खुश झाले की अनूबायला दाखवायला उभी ऱ्हायले, आनि माझं वजन गेलं तशी फळी उलटली आनि तू चिखलात. तोंडासकट. नुसते डोळे दिसत व्हते तुझे. सगळ्या बाया हसून हसून बांधावर बसल्या. तू चिखल थुंकलास आनि बोललीस, "आक्का, एक कायदा. उठायच्या आधी सांगायचं."

तवापासनं आपला कायदा. पानी प्यायला उठायचं असो, मूठ आनायला असो. "उठते गं." "ऊठ." दुसरीनं हातानं कड धरली की मग पयलीनं उठायचं. पुढं पुढं घरात पन तसं व्हायला लागलं. ओटीवर बसलेल्या असलो, तू उठताना सहज बोलायचीस, उठते गं आक्का. मी पन सहज कड धरायचे, ओटीची.

साहेब पुढच्या पावसाळ्याला आले ते जेवनाचा डबा घेऊनच आले. फळीवर स्वतः बसले, तू दुसऱ्या अंगाला. चार रोपं लावली वाकडीतिकडी. उतरले आनि खूप वेळ फळी खालून वर बगत ऱ्हायले. बोट लावून इचारलं, "ही मधली फट कशाला?" तू बोललीस, "पानी निघून जायला." मग ते बोलले, "ताई, मला स्वतःला फार आवडली. पण समिती दोन गोष्टी विचारेल. यात यंत्र कुठे आहे? आणि मजूर किती वाचले?"

"वाचले न्हाईत. बसले," तू बोललीस.

ते हसले. मग ठान्याला ऑफिसात आपल्या दोघींना बोलावलं. पंख्याखाली बसवलं, चहा दिला. वाईट कुनी वागलं न्हाय, ते मी लिवायलाच पायजे. त्यांनी नीट समजावून सांगितलं. सरकारचा पैसा, त्याला नेम असतात, कमी मानसांत जास्त काम असं दिसलं पायजे. एका मजुराची फळी करा, एकटीनं चालवली तर दिवसाला काम किती होतं ते मोजू, म्हंजे दुसरा हप्ता देता येईल. मी लगेच मान हालवली. तू खिडकीतनं बाहेर बगत व्हतीस.

येताना एस्टीत भांडन. मी बोलले, "मधनं काप ना ती. दोन होतील. तू एक घे, मी एक घेते. शेड वाचंल."

"न्हाय."

"का न्हाय?"

"एकटीला करमनार न्हाय."

"करमायला काय तमाशा हाय काय तो. आवनी हाय."

"आक्का, न्हाय म्हटलं ना."

"अग पन का? तोंड हाय ना देवानं दिलेलं, त्यानं सांग."

तू सांगितलं न्हाईस. कंडक्टर तिकीट द्यायला आला, तो बोलला, "मावशी, सीट दोघींची घेतलीत, पन बोलताय एकट्याच." तू हसलीस आनि माझ्या खांद्यावर डोकं टेकून भिवंडी येईपरेंत झोपलीस. का झोपेचं सोंग केलंस ते मला अजून कळलं न्हाय.

मग तू शेडमधी गोडाऊनच्या शटरची कामं धरलीस. कशेळीच्या बाजूला गोडाऊन उठत व्हते, तिथं शटर, ग्रील, जे मिळंल ते. हात भाजून यायचीस. माझ्या मनात यायचं, हट्टापायी हात भाजतेय. बोलून पन दाखवलं. एकदा न्हाय, पुष्कळदा. तू आपली भाकर मोडायचीस, कालवनात बुडवायचीस आनि बोलायचीस, "आक्का, मीठ कमी हाय."

आवनी उरकली की आपन अकलोलीला जायचो, गरम पान्याच्या कुंडावर. वज्रेश्वरीची बस धरायची, देवीला लांबनं हात जोडायचा, कारन मला पायऱ्या चढवत न्हाईत, आनि मग कुंडात पाय सोडून बसायचं. तू बोलायचीस, "सरकारचं अनुदान ते न्हाय, हे हाय. न मागता गरम." मी गुडघे पान्यात बुडवून बसायचे आनि मला आपलं नवल वाटायचं, दिवसभर आवनी करून माझे गुडघे पयल्यासारखे सुजत न्हाईत. मी बोलायचे, फळीचा गुन. तू बोलायचीस, व्हय, फळीचाच. आनि तुझे पाय मात्र तू लई वेळ पान्यात ठेवायचीस. उजवा पाय जास्त. पोटरी दाबत बसायचीस. मी इचारलं तर बोलायचीस, शेडमधी उभी ऱ्हाते ना.

औंदा अकलोलीला मी जानार न्हाय. कुंडाच्या पायऱ्या उतरताना हात कोनाचा धरू.

राब भाजून तू घरी आलीस, अंगाला राखेचा वास, बोललीस अंग मोडून आलंय. ताप आला असं समजलो. ओटीवर पडलीस. मी चहा ठेवायला आत गेले. तेवढंच. आत बाहेर. चहा उकळला नव्हता अजून. आपला कायदा तू केलेला, कुसुम, आनि तूच न सांगता उठलीस.

लिवायचं इथं थांबवलं व्हतं. हात थकला, उजेड गेला. आता आज परत बसलेय. आवनी झाली.

सकाळी बाया आल्या, लवकरच आल्या. कुनी तुझं नाव काढलं न्हाय, पन कुनी गानं पन म्हटलं न्हाय. मी फळी आनायला सांगितली. अनूबाय बगत व्हती माझ्याकडं. मी माझ्या अंगाला बसले. फळी कलली, पान्यात कड बुडली. मग मी रोपाच्या मुठी मागितल्या आनि तुझ्या बैठकीवर रचल्या, ओल्या, जड, एकावर एक, फळी सरळ होईपरेंत. एक नवी सून बोलली, "दगड ठेवू का आक्का, दगड बरा पडंल." अनूबाय तिला बोलली, "तू तुझी ओळ बग."

मी लावायला सुरुवात केली. पयली ओळ हाताशी व्हती ती लागली. मग मागं जायला टाच रेटली. फळी हलली न्हाय. परत रेटली. गुडघ्यातनं कळ आली ती डोक्यापरेंत. फळी तिथंच. मला कळंना. एवढे पावसाळे आपन बसून मागं मागं जायचो, तू रेटायचीस, मी रेटायचे, सर्रकन जायची. आज चिखल घट्ट हाय काय म्हनून मी खाली बगितलं. तर ती मधली फट. पान्यासाठी ठेवलेली. पानी तर कडेनं पन जातं, कुसुम. त्या फटीची कड एका बाजूला गुळगुळीत झालेली हाय, दरवाजाची चौकट हात लागून लागून होते तशी. तिथं तुझी पोटरी असायची. तुझा उजवा पाय दिवसभर त्या फटीतनं चिखलात असायचा. मला वाटायचं तुला तशी बसायची सवय हाय.

माझी टाच नुसती चिखलाला लागत व्हती. फळी तू ढकलत व्हतीस. दोघींची.

मी तशीच बसून ऱ्हायले. हातात रोप. एस्टीतलं भांडन मला आठवलं, का ते सांग, तोंडानं सांग म्हनून मी ओरडत व्हते. तू काय सांगनार. आक्का, तुझे गुडघे गेलेत, एकटीच्या फळीवर तू जागची हलनार न्हाईस, बाया तुला घरी ठेवतील, असं सांगनार? मला ते खपलं नसतं. मी त्याच दिवशी चिखलात उतरून वाकून दाखवलं असतं, तू ओळखतेस मला. म्हनून तू मीठ कमी हाय बोललीस.

अनूबाय आली मागून. तिनं फळीच्या कडेला दोरी बांधली आनि बांधावरनं ओढायला लागली. एक ओळ झाली की ओढायची. वय तिचं पन झालंय. थोड्या वेळानं बोलली, "आक्का, मी बसू का त्या अंगाला? पाय चांगले हायत अजून माझे."

मी बोलले, "पुढच्या खाचरात बस. ह्या खाचरात न्हाय."

"बरं," ती बोलली आनि दोरी ओढली.

दुपारी रफिकभाई बांधावर येऊन उभा ऱ्हायला, चप्पल हातात घेऊन. मी सांगितलं त्याला. ही कापायची न्हाय. साहेबांना एकटीची दाखवायची तर नव्या लाकडाची बनव, शेड चालली पायजे, तुझी पन चूल हाय. पन त्यांना हे पन सांग की एकटीची फळी ज्यांचे गुडघे धड हायत त्यांच्यासाठी. आनि ही पन घेऊन जा दाखवायला, ही फट दाखव, आनि पानी जायला हाय असं सांगू नको. तो बोलला, "फिर क्या बोलूं?" मी बोलले, "बोल, एकीनं दुसरीला बसवून न्यायला हाय." तो बोलला, "मुझसे तो बहन ने भी पानी ही बोला था." म्हंजे त्याला पन सांगितलं नव्हतंस.

मशीन न्हाय, यंत्र न्हाय, मजूर वाचले न्हाईत. समितीला पटंल का न्हाय मला म्हाईत न्हाय. पटलं न्हाय तर न्हाय. मला उशिरा पटलं.

आता शेवटचं सांगते. तुझ्या बैठकीवर ज्या मुठी ठेवल्या व्हत्या, त्या शेवटी शेवटी मला लावाव्याच लागल्या. मधलं रोप संपलं. एक मूठ घेतली, फळी जराशी माझ्याकडं कलली. दुसरी घेतली, अजून कलली. शेवटच्या ओळीला तुझ्या अंगाला एकच मूठ ऱ्हायली व्हती आनि माझी कड पान्यात व्हती, लुगडं भिजत व्हतं. अनूबाय बोलली, ठेव ती, ऱ्हाऊ दे. मी न्हाय ठेवली. रोप हाय, चिखलात गेलं पायजे. ती पन लावली. तुझी बैठक रिकामी झाली. खाचर पुरं झालं.

मी बसले व्हते, वाकडी. समोर सगळं लागलेलं, पान्यात आभाळ दिसत व्हतं. बाया हात धूत व्हत्या. मी रिकाम्या बैठकीची कड हातानं धरली आनि बोलले, "उठते गं."

थोडी थांबले. मग उठले.